यापाची नोंद नसते

लिमा, ११ मे २००५

कोमाद्रे बेनिता,

पोस्टानं धाडलेली तीन पत्रं तुम्ही न फोडता परत पाठवलीत, म्हणून हे चौथं पुनोच्या बसड्रायव्हरच्या हाती देतोय. परत करायचं तर तुम्हाला स्टँडपर्यंत चालत यावं लागेल, आणि तुमचा गुडघा धरलाय असं माझी लुस्मिला सांगत होती. तेव्हा वाचून टाकलेलंच सोपं.

मी बरा आहे. विल्सन रस्त्यावरचा गाळा तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर आणला. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतो, तेच चाललंय. शेजारी अजून सिरिलोच आहे, चोरट्या सीड्यांचा बादशहा. गेल्या महिन्यात त्यानं शंभर प्रोग्रॅम एका सीडीवर भरले, वर स्वतःचा फोटो छापला. आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाईनं त्या सीडीची नक्कल काढून निम्म्या भावात विकायला ठेवली. सिरिलो जिन्यात उभा राहून ओरडत होता, "चोर! दुसऱ्याच्या मेहनतीवर जगता, लाज नाही वाटत?" ती खालून म्हणाली, "मेहनत कसली रे, तुझ्या फोटोची?" सगळी इमारत हसली. मीही हसलो. मग तुमची आठवण झाली.

लुस्मिला, तुमची धर्मकन्या, नर्स झाली, हे तुम्हाला तिच्याकडूनच कळलं असेल. नियमाप्रमाणं एक वर्ष खेड्यात नोकरी करायची म्हणून ती आपल्याच पठारावर गेलीय, किन्सापाताच्या आरोग्यकेंद्रात. तीन हजार नऊशे मीटर. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरून तुम्ही पाद्रीबाबांना म्हणाला होतात, "पाणी जरा कोमट करा, पोर आहे, बटाटा नाही." ती गोष्ट ती अजून सगळ्यांना सांगते, जणू तिनं ऐकलीच होती.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही फोनवर जे बोललात ते मी विसरलेलो नाही. "इलारिओ, तू चोर आहेस." चोर शब्दाचं मला फार काही वाटलं नाही, विल्सनवर तो दिवसातून चारदा ऐकू येतो. पण 'तू'? लुस्मिलाच्या बाप्तिस्म्याआधी आपण एकमेकांना अरेतुरे करायचो, एकाच शाळेत मार खाल्लेला. ज्या दिवशी तुम्ही तिची धर्ममाता झालात, मी कोम्पाद्रे आणि तुम्ही कोमाद्रे, त्या दिवसापासून 'तुम्ही'. आपल्याकडं सख्खे भाऊसुद्धा त्यानंतर अरेतुरे करत नाहीत. एका शब्दानं तुम्ही मला त्या बाप्तिस्म्याच्या दगडी भांड्यापासून मागं ढकललंत.

आता माझी बाजू, एकदाच. तुमचा प्रोग्रॅम मी कधी विकला नाही. एकदाही नाही. मी तो यापा म्हणून दिला. बाजारात बाई शेरभर बटाटे मोजते आणि वर दोन टाकते, ती यापा. ती दिली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि दिली तर तिचा हिशोब कोणी विचारत नाही. आरोग्यकेंद्रासाठी कॉम्प्युटर न्यायला गाववाला आला, तर वर काय देऊ? फुटबॉलचा खेळ? मी मुलांचं रक्त कमी आहे का ते सांगणारा तुमचा प्रोग्रॅम दिला. तुम्ही चार वर्षं खपून केलात, अकरा केंद्रांना विकलात. मी त्याहून पुढं पोचवला. यात पाप किती आणि पुण्य किती, ते तुम्ही गणितवाल्यांनी काढावं.

एक सहज विचारतो. परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं: लिमाची किल्ली, म्हणजे तो चालू करायचा लिमाचा नंबर, घातलेला तुमचा प्रोग्रॅम कोणी वर पठारावर चालवला, तर काही बिघडतं का?

इलारिओ

ता. क. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, तरी लिहितो. गिऱ्हाईक वगैरे कोणी नाही. लुस्मिलाचा फोन आला होता. उत्तर लवकर द्या.


लिमा, २० मे

कोमाद्रे,

माझंच पाकीट परत आलं. आधी वाटलं, चौथंही तसंच. मग पाहिलं तर फोडलेलं होतं आणि मागं तुमच्या अक्षरात एकच शब्द: "किती?"

हाच शब्द तुम्ही तीन वर्षांपूर्वी फोनवरही विचारला होतात. खालच्या दरीतला तो महापौर भर सभेत तुमच्याजवळ येऊन म्हणाला होता, "बाई, तुमचा प्रोग्रॅम फार छान, लिमात इलारिओ आपासाच्या गाळ्यावर फुकट मिळाला." तुम्ही मला विचारलंत, "किती जणांना दिलास?" मी म्हणालो, "एकच. त्यालाच." तुम्ही माझ्यावर चिडलात, पण माझ्यावर विश्वास ठेवलात. त्या महापौराला बसवून त्याच्या गावाची किल्ली काढून दिलीत आणि बाकीचे प्रश्न सोडून दिलेत. चोराच्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवला, हे मला तेव्हाही लागलं होतं. बोललो नाही.

लुस्मिलाचा फोन सांगतो, जसा झाला तसा.

"पपा, तुम्ही लिमात आहात ना?"

"मग कुठं असणार?"

"मग तुमचं नाव इथं काय करतंय?"

किन्सापाताच्या केंद्रात पहिल्याच सोमवारी तिनं कॉम्प्युटर चालू केला. कोपऱ्यात लिहिलेलं: 'इलारिओ आपासा, लिमा, १५४ मी.' तिला वाटलं बापानं गंमत केलीय. मग एक बाई आपल्या दोन वर्षांच्या पोरीला घेऊन आली, नाइदा तिचं नाव. पोर भिंतीची माती नखानं खरवडून खात होती. पापणी आतून पांढरी. लुस्मिलानं बोटातून थेंब घेतला, यंत्रात घातला: बारा पूर्णांक आठ. कॉम्प्युटरनं हिरवा चौकोन दाखवला. पोर ठणठणीत.

"पपा, बारा-आठ लिमात ठणठणीत. इथं हवा विरळ, रक्त दाट असतं. इथल्या उंचीचे तीन-सव्वातीन वजा करावे लागतात. म्हणजे साडेनऊ. लाल. पोर आजारी आहे पपा, आणि तुमचं यंत्र तिला शाबासकी देतंय."

मी म्हणालो, "अगं, प्रोग्रॅम बेनिताचा आहे."

ती म्हणाली, "माझ्या धर्ममातेचा प्रोग्रॅम आधी विचारतो कुठं आहात म्हणून. याला कोणी विचारूच दिलं नाही."

आता मी काय केलं होतं ते लपवण्यात अर्थ नाही. मी काही फोडलं-बिडलं नाही, ती अक्कल सिरिलोकडं आहे, माझ्याकडं नाही. प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा पहिली प्रत तुम्ही मला भेट दिलीत, आठवतं? फोन करून विचारलंत, "कुठं आहात?" मी म्हणालो, "लिमा." तुम्ही उंचीचा तक्ता बघून किल्लीचा नंबर सांगितलात. मी घातला. मग तो सगळा पसारा, तुमच्या किल्लीसकट, माझ्या नावासकट, मी जसाच्या तसा दुसऱ्या यंत्रांत ओतला. वाटलं, किल्ली म्हणजे पैसे न देणाऱ्यांसाठी कुलूप. एकदा उघडलेलं दार उघडंच दिलं तर त्यात गाववाल्यांचं भलंच. कोपऱ्यातलं नाव पुसायचंही सुचलं नाही. खरं सांगू? पुसावंसं वाटलं नाही. पठारावर जागोजागी आपासाचं नाव रोज दिसतं, याचं मला बरं वाटायचं.

किती म्हणता? पंधरा-वीस.

इलारिओ


लिमा, ७ जून

कोमाद्रे बेनिता,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. दोन पानांत तुम्ही मला 'तू'ही म्हटलं नाहीत आणि 'तुम्ही'ही नाही. एवढं लांब पत्र बिनसर्वनामाचं लिहिणं तुम्हालाच जमावं. चौथीत व्याकरणात पहिला नंबर उगाच नव्हता.

एक ओळ मी फाडून गाळ्यात काचेखाली लावलीय: "ते कुलूप नव्हतं. प्रश्न होता." सिरिलोनं वाचलं आणि विचारलं, "हे कुठलं, बायबलमधलं?" मी म्हटलं, पुनोमधलं.

दुसरी ओळ लावली नाही, पण पाठ झालीय: "अकरा ठिकाणी मूल मोजलं जातं. बाकी ठिकाणी लिमातलं एक मूल मोजलं जातं, जे तिथं नाहीच."

तुम्ही लिहिलंत की पंधरा-वीस ही संख्या नसून खांदे उडवणं आहे. बरोबर. नावं हवीत, गावं हवीत, प्रत्येकाची उंची हवी, म्हणजे प्रत्येकाची किल्ली काढता येईल. पण कोमाद्रे, विकलेल्याची पावती असते, यापाची नोंद नसते. माझ्याकडं सहा वर्षांची पावतीपुस्तकं आहेत: कॉम्प्युटर एक, मॉनिटर एक, टेबल एक. गाव कोणी लिहीत नाही, आणि वर काय दिलं ते तर नाहीच. नुसत्या पावतीवरून काय कळणार?

मग मी कानांवर गेलो. तुम्हाला ठाऊक आहे, शाळेत मला फळा दिसायचा नाही, म्हणून मी सगळं ऐकून पाठ करायचो. माणसाचा चेहरा मी विसरतो, त्यानं घासाघीस कशी केली ते विसरत नाही. एकेक पावती हातात घ्यायची, डोळे मिटायचे आणि तो माणूस काय बोलला ते आठवायचं. सिरिलो समोर वही घेऊन लिहायला बसला. फुकट. मी विचारलं, तुला काय झालं? म्हणाला, "तुमच्या कोमाद्रेचं अक्षर बघून भीती वाटली."

मार्च दोन हजार. दोन आयमारा बायका. मी किंमत सांगितली, त्या काही बोलल्याच नाहीत. अर्धा तास नुसत्या उभ्या. मीच तीनदा उतरलो. जाताना एक म्हणाली, "आमच्या तळ्याकाठी फार बोललं की मासे पळतात." म्हणजे तळ्याकाठचं गाव, आयमारा बोलणारं, आणि मासेमारी. तीन गावं बसतात; त्यातलं आरोग्यकेंद्र एकाच ठिकाणी.

ऑगस्ट, त्याच वर्षीचा. एक आरोग्यसेवक, दुकानदाराला 'कासेरो' म्हणणारा. "कासेरो, उंदीर जिवंत आहे ना? मागच्या कॉम्प्युटरचा वाटेतच मेला." त्याचा 'र' घशातून यायचा. तो असाँगारोच्या पलीकडचा. त्या बाजूला माझी आत्या दिलीय, ती तशीच बोलते.

एक महापौर यंत्र उचलायच्या आधी म्हणाला, "यात फुटबॉल आहे का? नसेल तर आमची सभा पास करणार नाही." त्याला मी दोन्ही दिले.

आणि एक मादरे, परदेशी नन, गोरी, हातमोजे घातलेली. तिनं तुमचा प्रोग्रॅम पाहिला आणि सरळ विचारलं, "मुला, हे चोरीचं नाही ना?"

"नाही मादरे. यापा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मागितलेलं नाही आणि तुम्ही दिलेलं नाही."

तिनं सीडी उचलली. "देवाची कृपासुद्धा अशीच असते म्हणतात," असं म्हणून पिशवीत टाकून गेली. मी तेव्हा आठवडाभर खुशीत होतो. एवढं चांगलं उत्तर मला आयुष्यात सुचलं नव्हतं. आज तेच उत्तर तोंडात घोळवतो तर चुन्यासारखं लागतं. कारण तुमचं वाक्य आता मध्ये येतं: देणारानं विचारलं का, कुठं आहात म्हणून?

दहा-बारा दिवस लागले. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, कुठंही आवाज आठवायचा, आणि मी सिरिलोला फोन करायचो, "लिही, लिही." सोबत यादी जोडलीय. सव्वीस नावं नक्की आहेत, नऊ जवळजवळ नक्की. सहा ठिकाणी गावाचं नाव येत नाही, पण तिथून तळं कुठल्या बाजूला दिसतं ते लिहिलंय. ती तुम्ही ओळखाल. मुलांची वजनं घ्यायला तुम्ही काटा पाठीवर बांधून जिथं पायी गेला नाहीत असं केंद्र त्या पठारावर नाही. मी विल्सनवर खुर्चीत बसून वाटला, तुम्ही चार वर्षं चालून केलात. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तो दोन बटाट्यांसारखा वर टाकत होतो.

सगळे मिळून एक्केचाळीस. पंधरा-वीस नव्हे. आणि एक तर मुळीच नव्हे.

इलारिओ


लिमा, २ जुलै

कोमाद्रे,

पार्सल मिळालं. बसवाल्यानं बटाट्याच्या पोत्याखाली दाबलं होतं, पण तुम्ही गुंडाळलेलं होतं त्यामुळं आत चरा नाही. प्रत्येक सीडीवर गावाचं नाव, उंची आणि किल्ली, तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. सहाच्या सहा बिननावाची गावं तुम्ही ओळखलीत! 'तळं उगवतीला, मागं पडकं चर्च' एवढ्यावरून! मी सिरिलोला दाखवलं. तो बराच वेळ सीड्या उलटसुलट करत राहिला, मग म्हणाला, "डॉन इलारिओ, आम्ही आयुष्यभर नकला काढतो त्या असल्या माणसांच्या असतात होय? मला वाटायचं कंपन्यांच्या असतात."

आत चिठ्ठी होती. "मोजून घ्या." दोनच शब्द, पण मी दुसऱ्यावर थांबलो. 'घे' नाही. 'घ्या'. पुन्हा पुन्हा वाचलं, शाईचा चुकून पडलेला काना तर नाही ना म्हणून. नव्हता.

मोजून घेतल्या. बेचाळीस भरल्या. बेचाळिसाव्यावर गावही नाही, उंचीही नाही, किल्लीही नाही. कोरी. तुम्ही मोजण्यात चुकत नाही, म्हणजे मीच कुठलं तरी एक केंद्र विसरलोय आणि तुम्हाला ते कुठूनतरी कळलंय. मग सरळ लिहिलं का नाहीत? माझ्याकडूनच वदवून घ्यायचंय ना? बरं. शाळेत मास्तरही असंच करायचे.

पोस्टानं पाठवत नाही. कोणाला सीडी घालता येईल, कोणाला नाही. गाळा सिरिलोच्या हवाली करून मी स्वतः निघतोय. तुम्ही हसाल, पण बावीस वर्षांनी पठारावर चढतोय. त्या विरळ हवेत मलाच चक्कर यायची.

इलारिओ


किन्सापाता, २६ ऑगस्ट

कोमाद्रे,

हे पत्र लुस्मिलाच्या टेबलावर बसून लिहितोय, पायांवर दोन घोंगड्या घेऊन. बाहेर गवतावर हिम आहे. सत्तावीस केंद्रं झाली.

पहिल्याच ठिकाणी माझं स्वागत झालं. डॉन फाउस्तो नावाचे म्हातारे आरोग्यसेवक. मी नाव सांगितलं तर उठून मिठीच मारली. "आपासा? लिमाचे आपासा? अहो, तुमचं नाव मी रोज सकाळी देवाच्या तसबिरीआधी वाचतो! बसा, सूप घ्या!" गरम मेंढीचं सूप पुढं आलं. ते संपेपर्यंत मला तोंड उघडता आलं नाही. संपल्यावर सांगितलं.

त्यांनी काही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. वही काढली, त्रेसष्ट मुलांची. आम्ही दोघांनी तुमच्या सीडीवर एकेक आकडा पुन्हा घातला. त्रेसष्टांपैकी सदतीस हिरवी मुलं लाल झाली. शेवटी ते चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं मी आयांना सांगत होतो, तुमचं पोर लिमातल्या पोरासारखं आहे. आणि आया किती खूश व्हायच्या, डॉन इलारिओ. तेच ऐकायचं असतं त्यांना."

मग ते टोपी घालून निघाले. मी विचारलं, कुठं? "सदतीस दारं आहेत. लोहाचे थेंब द्यायचे, काळी कलेजी शिजवायला सांगायची. तुम्ही येता का? नाव तुमचं आहे, सांगा तुम्हीच." मी गेलो. सदतीस दारांत मी माझं नाव सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक गावात तसंच करतो. काही दारं तोंडावर आपटली. एका आजीनं शिजलेला बटाटा फेकून मारला. चांगला होता, मी खाल्ला.

तुमच्याविरुद्ध एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, गप्प बसायची मला सवयच नाही. एका गावात नर्स म्हणाली, "हे यंत्र आलं म्हणून आम्ही मुलांचं रक्त तपासायला लागलो. त्याआधी कोणी तपासतच नव्हतं. चुकीचं का होईना, आकडे वहीत आहेत, म्हणून आज कळलं तरी." मला ते ऐकून आनंदाची उकळी फुटली. आता बेनिताला लिहितो, म्हटलं! आणि लिहितोय. पण ती पुढं म्हणाली ते लिहिलं नाही तर तुम्ही सर्वनामं पुन्हा काढून घ्याल: "एका मुलाला मात्र उशिरा कळलं." त्याला जुल्याकाच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. उभा राहतो, पण भिंत धरून. मी भेटून आलो. माझ्या बाजूचं गणित आणि तुमच्या बाजूचं गणित त्या खाटेशी बसून मी मांडून पाहिलं. मला ते एका ओळीत आणता आलं नाही. म्हणून दोन्ही तुम्हाला लिहून पाठवतोय.

नाइदाला पाहिलं. भिंत खात नाही आता. लुस्मिलाच्या कलेजीलाही तोंड लावत नाही, पण थेंब घेते, आणि माझी मिशी ओढते. रक्त अकरा-दोन, तुमच्या हिशोबानं, वजाबाकी करून.

कोरी सीडी प्रत्येक ठिकाणी काढून विचारतो, "हे तुमच्याकडचं आहे का? आसपास आणखी कोणाकडं यंत्र आहे का?" अजून कोणी हो म्हणत नाही. कुठलं विसरलोय ते सांगून टाका ना. लुस्मिला सीडीकडं बघून हसली. मी विचारलं, का हसतेस? म्हणाली, "पपा, तुम्ही दुकानदार आहात ना?" पुढं काही बोलेना. तुमच्याकडूनच शिकलीय.

इलारिओ


पुनो, १२ सप्टेंबर

कोमाद्रे,

एक्केचाळीस झाली. शेवटचं ते मादरेचं केंद्र होतं. तिला मी कृपेबद्दलचं माझं बोलणं परत घ्यायला आलो असं सांगितलं. ती म्हणाली, "परत घेऊ नकोस, दुरुस्त कर." मग स्वतः कॉम्प्युटरपुढं बसली. तुमच्या सीडीनं विचारलं, "कुठं आहात?" तिनं हातमोजा काढून एका बोटानं गावाचं नाव दाबलं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. कोपऱ्यातून माझं नाव गेलं, त्या गावाचं आलं. एक्केचाळीस वेळा हे पाहिलं आणि दर वेळी थोडं लागलं, हेही कबूल करतो.

तरी एक उरली. कोरी.

आज सकाळी इथल्या बाजारात कानिवाचे दाणे घ्यायला थांबलो, लिमाला न्यायला. विकणारीनं दोन किलो मोजलं, पिशवीचं तोंड वळवलं, मग थांबली आणि वर एक मूठ टाकली. मी सवयीनं म्हणालो, "ही कशाची?" तिनं मला वेड्यात काढलं. "कुठले हो तुम्ही? यापा आहे. मोजून घेतलंत ना? मग मोजलेल्यावर एक मूठ."

मोजून घेतलंत ना!

मी बाजाराच्या मधोमध उभा राहिलो. बायका पाठीवरच्या गाठोड्यांनी मला ढकलून जात होत्या. बावीस वर्षं मी गाळ्यावर ती देतोय, कोमाद्रे. आयुष्यात मला कोणी दिली नव्हती, म्हणून तुमच्या पार्सलातून समोर आली तर ओळखता आली नाही. पठारभर दारोदार विचारत फिरलो, ही तुमची का, ही तुमची का.

मग मी पोस्टाजवळच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो आणि सीडी घातली. नाव विचारलं, लिहिलं. मग तोच प्रश्न आला: "कुठं आहात?" खाली बारीक अक्षरात: "किल्लीसाठी फोन करा. सकाळी नऊ ते बारा." आणि तुमचा नंबर. दुकानातला पोरगा मागून वाकून म्हणाला, "सेन्योर, किल्ली कशाला हवी? मी दोन मिनिटांत उघडून देतो." मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लिमाचं होतं.

त्याला किती आणि काय सांगणार? की या कुलपाशी मला थांबायचंय? की ते उघडायला एका बाईला विचारावं लागतं, ती बाई आधी मलाच विचारते, आणि एवढ्यासाठीच ते बसवलंय?

आता अकरा वाजलेत. हे पत्र ड्रायव्हरकडं देत नाही, तुमच्या दाराखालून सरकवतोय. मग समोरच्या टपरीवरून फोन लावीन. गुडघ्याला त्रास देऊ नका, फोन उचलला की पुरे. तुम्ही नेहमीसारखं विचाराल, कुठं आहात म्हणून. उत्तर मी बाजारापासून इथपर्यंत पाठ करत आलोय, या वेळी चुकीचं सांगणार नाही:

पुनो. तीन हजार आठशे सत्तावीस मीटर. तुमच्या दारात.

तुमचा कोम्पाद्रे,
इलारिओ आपासा